पोर्तुगीज न येणारी आल्मेडाबाई

ॲग्नेस आल्मेडाला ती नोकरी मिळाली, त्यात तिच्या हुशारीपेक्षा तिच्या आडनावाचा वाटा मोठा होता. हे तिला ठाऊक होतं, नोकरी देणाऱ्याला नव्हतं. सगळा घोळ तिथेच सुरू झाला.

दोन हजार एकवीसचा जुलै. सिडनीत लॉकडाउन लागलेला. ॲग्नेस राहायची त्या क्वेकर्स हिलच्या लोकांना पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी होती आणि डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर उगाचच घिरट्या घालत होतं. ज्या कॉल सेंटरमधून ॲग्नेस नऊ वर्षं लोकांना फोन करून 'आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल' असं विचारत होती, ते बंद पडून चार महिने झाले होते. नवरा सिप्रियन हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, त्यामुळे तो रोज बाहेर. मुलगी क्रिस्टीना खोलीत बसून ऑनलाइन शाळा करायची, त्यामुळे ती असून नसल्यासारखी. घरात बोलायला उरली ती ॲग्नेस आणि किटली. अशात पॅरामाटाच्या एका चार माणसांच्या मार्केट रिसर्च कंपनीने तिला झूमवर मुलाखतीला बोलावलं. तिला इतका आनंद झाला की तिने इस्त्रीचा ब्लाउज घातला आणि खाली पायजमा तसाच ठेवला.

मालकाचं नाव ग्लेन. पन्नाशीचा, गोरा, घाईघाईने बोलणारा, मनाने भला माणूस. त्याच्या हातात ब्राझीलचं मोठं काम आलं होतं. ॲडलेडची एक कंपनी नळाला लावायचं पाण्याचं फिल्टर बनवायची आणि तिला ते ब्राझीलमध्ये विकायचं होतं. तिथल्या गृहिणींच्या मुलाखती घ्यायला बेलो होरिझोन्ते शहरातली जुसारा नावाची बाई ठरली होती. इथून कुणीतरी त्या मुलाखती सुरू असताना ऐकत बसणारं हवं होतं.

"आल्मेडा!" ग्लेन स्क्रीनवर पुढे झुकून म्हणाला. "म्हणजे तुला पोर्तुगीज येत असणार. हो ना? अगं, मी दोन आठवडे असं माणूस शोधतोय!"

आता ॲग्नेस मूळची वसईची, गिरीजची. पोर्तुगीज वसईतून जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. जाताना ते आडनावं तेवढी मागे ठेवून गेले, भाषा सोबत घेऊन गेले. ॲग्नेसच्या बापाला पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता, त्याच्या बापालाही नव्हता. केळीच्या बागेत पाणी सोडायला पोर्तुगीज कशाला लागते? हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण समोरचा माणूस इतका खूश झाला होता, त्याचे डोळे असे चमकत होते, की ॲग्नेसच्या तोंडून निघून गेलं, "येस. अ लिटल."

संध्याकाळी सिप्रियनने हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"लिटल म्हणजे किती?"

"आमेन," ॲग्नेस म्हणाली.

"ते लॅटिन पण नाय गं. जाऊ दे. ऐकायचंच आहे ना? कान आहेत तुला. नो वरीज."

कामाची पद्धत अशी. बेलो होरिझोन्तेत संध्याकाळचे सहा वाजले की सिडनीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजायचे. ॲग्नेस हीटर पायाशी घेऊन, कॅमेरा बंद करून लॅपटॉपसमोर बसायची. पडद्यावर एका चौकटीत जुसारा, दुसऱ्या चौकटीत कुणीतरी गृहिणी. पाऊण तास दोघी बोलायच्या. दोन दिवसांनी जुसाराकडून सगळ्याचं इंग्रजी भाषांतर यायचं. मधल्या वेळात ॲग्नेसने आपलं टिपण द्यायचं, की मुलाखत कशी झाली, बाई कितपत उत्सुक वाटली वगैरे.

पहिल्याच दिवशी जुसाराने चॅटमध्ये लांबलचक पोर्तुगीज मजकूर पाठवला. आडनाव तिनेही वाचलं होतं. ॲग्नेसने घाम पुसून उत्तर लिहिलं, "इंग्लिशमध्ये लिहूया का? म्हणजे ग्लेनलाही वाचता येईल." या चलाखीचा तिला दिवसभर अभिमान वाटला आणि रात्री जेवताना लाज वाटली.

भाषा कळत नसताना पाऊण तास माणसाने करायचं काय? ॲग्नेस बघत बसली. सुरुवातीला नाइलाजाने, मग खरोखरच्या कुतूहलाने. लहानपणी पाहुण्यांच्या घरी गेल्यावर आईने कितीही डोळे वटारले तरी तिची नजर त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचीच. इथे तर सात समुद्रापलीकडची स्वयंपाकघरं आपणहून तिच्या टेबलावर येत होती. कुणाच्या गॅसच्या सिलिंडरला विणलेलं झबलं घातलेलं. कुणाच्या फ्रिजवर मेरीमातेची तसबीर, अगदी गिरीजच्या घरात होती तशी. कॉफी गाळायला कापडाचं फडकं. एक बाई मास्क लावूनच बोलली, कारण मागच्या खोलीत तिची आई आजारी होती आणि ती दर पाच मिनिटांनी उठून बघून येत होती. ॲग्नेसने तिच्यासाठी मनातल्या मनात एक 'नमो मरिया' म्हटली, मराठीत. पोचली असेल.

आणि प्रत्येक घरात, ओट्याच्या कोपऱ्यात, एक मातीचं भांडं. विटेच्या रंगाचं, दोन मजली, खालच्या मजल्याला तोटी. ॲग्नेसने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "अय्या, माठ!"

"मम, आय'म इन क्लास!" पलीकडच्या खोलीतून क्रिस्टीना ओरडली.

माठच तो, पण वरच्या मजल्यात गाळायची कँडल बसवलेली. पाणी वरून ओतायचं, ते गाळून थेंब थेंब खाली उतरतं आणि मातीमुळे गारही राहतं. हे ॲग्नेसने नंतर इंटरनेटवर शोधून वाचलं. म्हणजे ज्या बायकांना ॲडलेडची कंपनी फिल्टर विकायला निघाली होती, त्यांच्या घरी फिल्टर होतंच. दिसायला मात्र ते यंत्र वाटत नव्हतं, घरातलं माणूस वाटत होतं.

तरी भाषांतरात काय येत होतं? 'फारच सुंदर वस्तू आहे.' 'नक्की घेऊ.' 'दुकानात आली की मला कळवा.' आधी झालेल्या मोठ्या ऑनलाइन सर्व्हेतही शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणींनी 'घेऊ' म्हटलं होतं. ग्लेन हवेत होता. या मुलाखतींचा निकाल असाच चांगला आला की ॲडलेडवाले कामाचा दुसरा टप्पा देणार होते. दुसरा टप्पा म्हणजे सहा महिने. सहा महिने म्हणजे ग्लेनची कंपनी तगणार आणि ॲग्नेसची तात्पुरती नोकरी पक्की होणार.

सातव्या मुलाखतीला ॲग्नेसला शंका आली.

त्या दिवशीच्या बाईचं नाव इव्होनेते. साठीची, मोठ्या चष्म्याची, हसरी. जुसाराने तिला फिल्टरचं चित्र दाखवलं आणि एक प्रश्न विचारला. एव्हाना ॲग्नेसला सूर ओळखू यायला लागला होता. 'तुम्ही हे घ्याल का' हाच तो प्रश्न. इव्होनेतेने दोन्ही हात छातीशी नेले, भरभरून काहीतरी बोलली, आणि वाक्य संपता संपता उठली. ताटलीत ठेवलेला केक आणून कॅमेऱ्यापुढे धरला. पडद्यातल्या बाईला केक खा म्हणून आग्रह! जुसारा हसली. विषय केकवर गेला तो परत आलाच नाही.

ॲग्नेसने वही काढून आधीच्या सहा मुलाखतींची टिपणं चाळली. एकीने त्याच प्रश्नानंतर नातवाला कॅमेऱ्यात आणलं होतं. एकीने अंगणातलं पपईचं झाड दाखवलं होतं. एक उठून मातीच्या भांड्यातून गटागटा पाणी प्यायली होती. त्या प्रश्नानंतर प्रत्येकीच्या घरी अचानक पाहुणचार सुरू होत होता.

आणि हा पाहुणचार ॲग्नेस ओळखून होती. पंचवीस वर्षांपूर्वी, कॉलेज संपल्यावर, मुंबईच्या एका एजन्सीसाठी ती वसईत दारोदार सर्व्हे करत हिंडायची. उन्हातान्हात, हातात फॉर्म, खांद्याला नमुन्यांची पिशवी. एकदा कपडे धुवायची नवी पावडर होती. गावोगावच्या बायका म्हणाल्या, "हो, घेऊ की! बस ना, चहा टाकते." ॲग्नेसने चहा घेतला आणि 'नक्की घेणार' या चौकोनात टिक मारली. तिचा सुपरवायझर प्रल्हाद मोठा खडूस माणूस. फॉर्म बघून तो म्हणाला होता, "पोरी, चहा आला की टिक मारू नकोस. ज्या बाईला खरंच घ्यायचं असतं ती आधी भाव विचारते. जिला नाही म्हणायचं असतं ती चहा विचारते." ॲग्नेसला तेव्हा ते पटलं नाही. तिने पापडी गावच्या दुकानदार मधूशेठलाही छातीठोक सांगितलं की माल खपणार. त्याने तिच्या शब्दावर दोन खोकी भरून माल ठेवला. सहा महिन्यांनी ती पाकिटं दुकानाच्या दारात धूळ खात पडलेली तिने पाहिली. मधूशेठ एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तिने बाजाराला जायचा रस्ताच बदलला.

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, हे महत्त्वाचं. उन्हातून आलेल्या पोरीचं मन त्या मोडत नव्हत्या, एवढंच. दारातल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही तिथली रीत. ॲग्नेस त्याच रीतीत वाढलेली.

तिने जुसाराला चॅटवर विचारलं, "इव्होनेते हे फिल्टर खरंच घेईल?"

पलीकडून हसणारे चार चेहरे आले. "छे! कुणीच घेणार नाही."

"मग तू लिहीत का नाहीस?"

"त्या जे बोलल्या ते मी लिहिते. मला काय वाटतं हे तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. आणि तू तर ऐकतेसच ना? मला वाटलं तुला कळतंय."

ॲग्नेसने आधी एक वाक्य लिहून खोडलं. मग तिने लिहिलं, "जुसारा, मला पोर्तुगीज येत नाही. अजिबात नाही." यावर जे उत्तर आलं ते लांबलचक होतं, पोर्तुगीजमध्ये होतं आणि बहुतेक हसण्यावारी नेणारं असावं.

उरलेल्या पाच मुलाखतींसाठी दोघींनी मिळून दोन प्रश्न वाढवले. ग्लेनला न विचारता. पहिला, 'हे कुठे बसवाल ते दाखवा.' दुसरा, 'तुमच्या गल्लीत हे सगळ्यात आधी कोण घेईल?'

मग जी गंमत झाली ती बघायला ॲग्नेसला भाषेची गरजच पडली नाही. बाया फोन हातात घेऊन उत्साहाने ओट्यापाशी जायच्या आणि तिथे अडायच्या. नळाला फिल्टर लावलं तर खाली घागर बसत नाही. ते लावायचं तर बाजूचं मातीचं भांडं हलवायला हवं. एका बाईने भांडं उचलायला हात लावला, उचललं नाही, त्याच्यावरचं विणलेलं फडकं नीट केलं आणि परत खुर्चीवर येऊन बसली. दुसऱ्या प्रश्नाला तर प्रत्येकीने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगितलं. शेजारीण घेईल, वहिनी घेईल, वरच्या मजल्यावरची घेईल, तिला नव्या वस्तूंचा फार सोस. योगायोगाने त्यातली एक शेजारीण यादीतच होती. तिने पहिलीचं नाव सांगितलं! त्या दिवशी ॲग्नेस एकटीच हसत सुटली, इतकी की क्रिस्टीना खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, "आर यू ओके, मम?"

हसू ओसरलं तेव्हा पुढचं दिसायला लागलं. हे लिहिलं तर दुसरा टप्पा गेला. नोकरी गेली. आणि ग्लेन विचारणार, की भाषांतरात तर सगळ्या हो म्हणतायत, मग तुला वेगळं काय ऐकू आलं?

"गप बस तू," सिप्रियन म्हणाला. तो शिफ्टवरून येऊन गॅरेजमध्येच कपडे बदलत होता. तो आणि घर यांच्यामध्ये दार अर्धवट उघडं. "तुझं काम ऐकायचं होतं, ऐकलंस. विकायचं का नाय ते त्यांचं डोकं. उद्या जॉब गेला तर या लॉकडाउनमध्ये कोण देणार आहे दुसरा?"

"आणि तिथले दुकानदार? माल भरून ठेवतील ते."

"तुला काय करायचंय ब्राझीलच्या दुकानदारांचं?"

"मला मधूशेठचं तोंड आठवतं रे."

सिप्रियनला मधूशेठची गोष्ट माहीत होती. लग्न झाल्यापासून त्याने ती दहा वेळा तरी ऐकली असेल. त्याने साबणाने हात चोळले, खूप वेळ चोळले. "सांग मग," तो शेवटी म्हणाला. "पण तुला पोर्तुगीज येत नाय ते झाकूनच ठेव."

ॲग्नेसने तसंच करायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी तिने ग्लेनला व्हिडिओवर सगळं सांगितलं. मातीची भांडी, केक, पपई, एकमेकींची नावं सांगणाऱ्या शेजारणी. ग्लेन ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. इथे साहेबालाही नावाने हाक मारतात, त्यामुळे राग आला की तो लपवायला मधे काहीच नसतं.

"ॲग्नेस, मी ही भाषांतरं तीनदा वाचलीयत. बारा जणी. बाराच्या बारा हो म्हणतायत. तू स्वतः ऐकलंयस, त्यांच्या भाषेत. मला एक वाक्य दाखव. एक शब्द दाखव, ज्यात कुणी नाही म्हटलंय. ॲडलेडवाल्यांपुढे मी केक ठेवू का?"

"शब्दात नाहीये ते, ग्लेन."

"मग कशात आहे? तू काय ऐकलंस?"

इथून मागे फिरायला वाट होती. 'कदाचित माझीच चूक झाली असेल' एवढं म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. ॲग्नेसला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या भीतीचा कंटाळा आला होता.

"काहीच ऐकलं नाही," ती म्हणाली. "मला पोर्तुगीज येत नाही. एक शब्द येत नाही. म्हणून मी बघत बसले."

ग्लेन मागे टेकला. आधी त्याला कळलं नसावं. मग त्याचे कान लाल झाले.

"मी तुला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, स्पष्ट विचारलं होतं मी. तू हो म्हणालीस."

"हो."

"का? येत नव्हतं तर नाही म्हणायचं!"

"तू इतक्या आशेने विचारलंस, ग्लेन," ॲग्नेस म्हणाली. "दोन आठवडे शोधतोय म्हणालास. तुझा चेहरा असा खुलला होता. माझी नाही म्हणायला जीभच वळली नाही. मला तुला फसवायचं नव्हतं. तुझं मन मोडायचं नव्हतं. माझ्या गावात असं तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. त्याची मला माफी मागायचीय, आणि नोकरीचं तू काय ते ठरव. पण त्या बारा जणींचंही हेच आहे. जुसारा दिवसभराच्या कामाने थकलेली, तरी इतक्या प्रेमाने चित्र दाखवते. तिला नाही कसं म्हणायचं?"

बाहेर हेलिकॉप्टर आलं, घरावरून गेलं, लांब गेलं.

"आणि मी खूश झालो," ग्लेन हळूच म्हणाला. "तू हो म्हणालीस आणि मी ते तपासलंसुद्धा नाही."

"खूश झालेला माणूस तपासत नाही रे."

त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "हे लिही. पहिल्या पानावर लिही. भांडी, केक, सगळं. माझं आणि तुझं झालं ते लिहू नकोस, मी ते त्यांना तोंडी सांगतो." आणि कॉल बंद करताना म्हणाला, "मी चिडलोय अजून. ते वेगळं."

ॲडलेडवाल्यांना अहवाल आवडला नाही. ठरलेला दुसरा टप्पा त्यांनी थांबवला. जुसारा म्हणाली, संपलं. सिप्रियनने दोन दिवस स्वतःहून भांडी घासली. ॲग्नेस नोकरीच्या जाहिराती बघू लागली. वाईट वाटत होतं आणि झोपही छान लागत होती, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिसऱ्या आठवड्यात ॲडलेडहून निरोप आला. नळाला लावायचं फिल्टर राहू दे. त्या मातीच्या भांड्याच्या आत बसेल अशी कँडल आम्हाला बनवता येईल का, ते बघायचंय. आणि या वेळी आधी नुसतंच बघायचंय, विचारायचं नंतर.

ग्लेनने लगेच व्हिडिओ कॉल केला. तो पुन्हा घाईघाईने बोलत होता, पुन्हा पुढे झुकला होता. चाळीस घरं, जुसारा असेल, तू असशील, पुढच्या सोमवारपासून सुरू.

"आणि ऐक, मी ऑनलाइन पोर्तुगीजचा एक क्लास बघून ठेवलाय. पैसे कंपनी भरेल. आठवड्यातून दोन दिवस फक्त. मस्त ना? शिकशील ना?"

त्याचे डोळे तसेच चमकत होते. 'येस' तिच्या ओठांवर आलंच होतं. दाराच्या चौकटीला टेकून सिप्रियन ऐकत होता. क्रिस्टीना टोस्ट खाता खाता थांबली होती.

"नाही," ॲग्नेस आल्मेडा म्हणाली. बरीच कारणं तिच्या मनात तयार होती, सगळी 'वाईट वाटून घेऊ नकोस' इथून सुरू होणारी. तिने त्यातलं एकच सांगितलं. "मला भाषा आली, की मीपण ऐकत बसेन."